घर्षण सोडायला तयार नसलेली राजनंदिनी

आमच्या गावात कोणाच्याही ओट्यापुढून खाली मान घालून निघून जाता येतं. रामप्रसादच्या ओट्यापुढून मात्र येत नाही. त्याची बायको राजनंदिनी तिथं असली की चहाचं विचारल्याशिवाय ती कोणाला पुढं जाऊ देत नाही. तुम्ही घाईत असा, नाहीतर शेजारच्या घरून आत्ताच चहा पिऊन निघालेले असा. पोस्टमन, मीटर बघायला येणारा वायरमन, मिरच्या विकणारी बाई, कोणीच सुटत नाही. एकदा एक पाहुणा एसटीतून चुकून आमच्या फाट्यावर उतरला. त्याला जायचं होतं भलत्याच गावाला. तोही दोन कप पिऊन, वर बिस्किटं खाऊन मार्गाला लागला.

राजनंदिनी नात्यानं माझी वहिनी, कारण रामप्रसाद आणि मी एकाच बाकावर बसून शाळा केली. वयानं ती माझ्याहून बरीच लहान आहे. बोलताना मी तिला अहोजाहो करतो, पण लिहिताना अरेतुरेवर येतो, नाहीतर वाचणाऱ्याला त्या घरात आहेत त्यापेक्षा जास्त माणसं आहेत असं वाटायचं.

लग्न होऊन तिला या गावात चारच वर्षं झाली. तरी भावकीत कार्य निघालं की मानपानाचं आधी तिला विचारतात. कोणाला लुगडं, कोणाला नुसता खण, टॉवेल-टोपी कोणाला आणि ती कोणाच्या आधी, हे सगळं तिच्या डोक्यात पक्कं असतं. हे शिक्षण तिला सासूनं दिलं. बायनाबाई म्हणजे मानपानातलं शेवटचं कोर्ट. एका बारशात तिला हळदीकुंकू चुलतजावेच्या नंतर लागलं, तेव्हापासून ती त्या चुलतजावेशी बोलत नाही. बारसं ज्याचं होतं तो पोरगा आता मोटारसायकल चालवतो. अशा सासूच्या हाताखाली तयार झालेली सून कोणाचं काही राहू देईल, ही शक्यताच नव्हती.

आणि अशा बाईच्या वाट्याला बारावीचं फिजिक्स आलं होतं.

झालं असं की आमच्या गावच्या अंगणवाडीतल्या केशरबाई निवृत्त होणार होत्या. त्यांची जागा निघणार, आणि ती गावातल्याच बाईला मिळणार. पण अट बारावी पासची. राजनंदिनी माहेरी असताना बारावी सायन्सला बसली होती. सगळे विषय सुटले आणि फिजिक्स तेवढं राहिलं. त्याच उन्हाळ्यात लग्न झालं आणि ते राहिलं ते राहिलंच. म्हणजे लहान लेकरांना खिचडी वाढायची, गाणी म्हणायची आणि त्यांची वजनं करायची, तर आधी उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्याचं त्वरण काढून दाखवा, असा मामला होता. लोकांनी तिला सांगून पाहिलं की बाई, आर्ट्सचा फॉर्म भर आणि मोकळी हो. ती म्हणाली, एक राहिलाय म्हणून सुटलेले पाच परत देऊ का? यावर सगळ्यांनी तिला माझ्याकडं पाठवलं.

मी पालमच्या एका ज्युनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवतो. तासिका तत्त्वावर म्हणजे तास असला तर मी सर, नसला तर शिवशंकर. माझा स्वभाव तापट आहे हे मला माहीत आहे, ते दुसऱ्या कोणी सांगितलेलं मला चालत नाही. पण त्या दिवाळीनंतर मी शिकवायचं कबूल केलं. मित्राच्या बायकोला शिकवायचं तर ते चारचौघांत, म्हणून वर्ग भरायचा रामप्रसादच्या ओट्यावर. एका बाजूला राजनंदिनी, समोर मी आणि मधोमध सूप घेऊन तूर निवडत बसलेली बायनाबाई. ती रीतीसाठी बसायची. पण कान काही तुरीत नसायचे.

पहिलं गणित मी मुद्दाम सोपं दिलं. एक बस एका गावाहून दुसऱ्या गावाला एकसमान वेगानं जाते, अंतर इतकं, वेग इतका, तर वेळ किती. तिचं उत्तर पुस्तकापेक्षा दहा मिनिटांनी जास्त आलं. मी म्हणालो, भागाकार तपासा. तिनं तपासला, बरोबर होता. मग ती दहा मिनिटं आली कुठून, असं विचारलं, तर म्हणाली, फाट्यावर थांबंल की. मी सांगितलं की ही बस कुठंच थांबत नाही. तिनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी रोज त्याच एसटीनं जातो याची मलाच लाज वाटली.

पुढं विहिरीत दगड टाकायचं गणित आलं. दगड टाकल्यावर इतक्या वेळानं आवाज ऐकू येतो, तर विहिरीची खोली काढा. राजनंदिनीला आधी कळायला हवं होतं की पाणी कोणत्या महिन्यातलं धरायचं. बायनाबाईला आधी कळायला हवं होतं की पिण्याच्या विहिरीत दगड टाकणारा तो कोण. कप्पीचं गणित त्याहून वाईट गेलं. त्यात दोराला वजन नाही असं धरायचं असतं. बायनाबाईनं सूप खाली ठेवलं आणि असला दोर सोनपेठच्या बाजारात मिळतो का, मिळत असल्यास किती हात आणावा, असं मला विचारलं. पन्नास किलोचं पोतं फळीवरून खाली सोडलं, तेव्हा सासूसुना दोघींनी एका आवाजात विचारलं, वजन बारदाना धरून का सोडून.

त्या फळीवरच खरी अडचण काय ती मला कळली. गणितात स्वच्छ लिहिलेलं होतं की घर्षण दुर्लक्षित करा. राजनंदिनीनं घर्षण धरलं. दुसऱ्या गणितात लिहिलं होतं, हवेचा विरोध दुर्लक्षित करा. तिनं हवा धरली, आणि ती धरायची कशी ते पुस्तकात नव्हतं म्हणून एक तास अडून बसली. आकडेमोड तिची माझ्याहून चांगली होती. सूत्रं तोंडपाठ होती. माहेरी असताना ती नापास का झाली हेही मग उलगडलं. तीन तासांच्या पेपरात तिची तीन गणितं झाली होती, आणि त्या तीन गणितांत जगातलं काही म्हणून राहिलेलं नव्हतं.

मी चिडलो. म्हणालो, वहिनी, पुस्तक सोडा म्हणतंय तर तुम्ही का धरून बसता? ती खालच्या मानेनं म्हणाली, "भावजी, फळीवरनं पोतं घसरायलंय, मंग घासनं हायेच की. हाय ते न्हाई कसं म्हनायचं?"

मी सांगितलं की नाही असं म्हणायचंच नाही. दुर्लक्ष म्हणजे ते नाही असं नव्हे. ते आहे, पण या गणितापुरतं बाजूला ठेवायचं. सगळंच एकदम धरलं तर कुठलंच गणित सुटत नाही. मला माझं हे वाक्य बरं वाटलं. कॉलेजातही मी इतकं चांगलं कधी बोललो नव्हतो. राजनंदिनीनं मान हलवली, पुढचं गणित घेतलं आणि त्यात घर्षण धरलं.

फेब्रुवारीत ती परीक्षेला बसली. उन्हाळ्यात निकाल लागला आणि फिजिक्स पुन्हा राहिलं, तेही थोडक्यासाठी. मी दोन दिवस त्या ओट्यापुढून गेलोच नाही, मागच्या गल्लीनं गेलो. तिसऱ्या दिवशी राजनंदिनी चहाचा कप घेऊन मागच्या गल्लीत उभी होती. म्हणाली, जुलैमधी परत हाय. केशरबाई पावसाळ्यात निवृत्त होणार होत्या. म्हणजे जुलैचा पेपर हुकला तर जागा दुसऱ्या कोणाची होणार, आणि ती पुन्हा निघेपर्यंत राजनंदिनीची अजून व्हायची असलेली लेक बारावीला बसणार. मी चहा घेतला.

त्या उन्हाळ्यात आम्ही झटून अभ्यास केला. मी युक्ती काढली की सोडायला सांगितलेल्या गोष्टीखाली आधी लाल रेघ मारायची. ती रेघ मारायची, बराच वेळ तिच्याकडं बघायची आणि मग कष्टानं पुढं जायची. दारात आलेल्या माणसाला चहा न विचारता पाठवून दिल्यासारखा तिचा चेहरा व्हायचा. पण जून संपता संपता तिला जमायला लागलं. एका दुपारी तिनं ओळीनं पाच गणितं पुस्तकाबरहुकूम सोडवली, तेव्हा मला झालेला आनंद मी लपवायला हवा होता, पण लपवला नाही.

आणि तेव्हाच पिंकीचा फोन आला.

पिंकी म्हणजे रामप्रसादची थोरली बहीण, सोनपेठकडं गोदावरीच्या काठच्या गावात दिलेली. नवराबायको दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्यातच परततात. लग्नानंतर चार-पाच वर्षांनी देवीला नवस बोलून पोरगा झाला होता. त्याचं जावळ देवीपुढं काढायचं आणि तेही आखाडातल्या मंगळवारीच, असा तो नवस. तिच्या सासरची रीत अशी की पोरगं बसतं मामाच्या मांडीवर, आणि कापलेलं जावळ मामीनं पदरात झेलायचं. मामी नसली तर ते अशुभ असं कोणी म्हणत नाही, पण म्हातारपणापर्यंत बोलून दाखवतात. पिंकीच्या सासऱ्यानं मंगळवार ठरवला, बोकड ठरवला, शंभरेक माणसाला सांगितलं. तो मंगळवार फिजिक्सच्या पेपरचा होता.

रामप्रसादनं दिवस बदलायचं सुचवून पाहिलं. पुढच्या मंगळवारी पिंकीच्या दिराकडं कार्य होतं, आणि त्याच्या पुढं आखाड संपत होता. पिंकी फोनवर रडली. एवढ्या वर्षांनी लेकरू झालं आणि मामीला पेपर मोठा झाला, असं म्हणाली. फोन स्पीकरवर होता, ते तिला माहीत नव्हतं.

मी ओट्यावरच होतो. राजनंदिनीनं पुस्तक मिटलं, पेन त्यात खुणेला ठेवला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "पुढच्या वर्सी देते, भावजी. ह्येच्यात ताईचं ऱ्हायलं तर मला पेपरात बी काय सुचायचं न्हाई."

पुढच्या वर्षी जागा नाही हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. रामप्रसाद खांबाला टेकून नखं खात होता. मला खरं तर त्याचा राग आला होता, आणि सासूचा जास्त, कारण हे मानपानाचं वेड सुनेला तिनंच लावलं होतं. ती आपली तूर निवडत होती. खडे एका बाजूला, तूर एका बाजूला. मग तिनं हात थांबवला.

"मास्तर," ती म्हणाली, "ते तुमच्या गणितात काय ल्हेलेलं असतंय, सोडा म्हनून?"

"घर्षण दुर्लक्षित करा," मी म्हणालो.

"तेच. मंग मंगळवारी पिंकीचा रुसवा दुर्लक्षित करा. हाय तो. न्हाई असं कोन म्हनायलंय? पर त्या दिवसापुरता धरायचा न्हाई." आणि सुनेकडं न बघता म्हणाली, "जावळ मी झेलते. पदर मला बी हाय."

बारशातल्या हळदीकुंकवावरून इतकी वर्षं अबोला धरणारी ही बाई. मी सात महिने जे सुनेला शिकवत होतो ते मधल्यामध्ये सासूच शिकून गेली होती. आजवर इतक्या पोरांना शिकवलं, पण माझं वाक्य कोणी इतकं नेमकं वापरलेलं मी पाहिलं नव्हतं. माझा राग गेला आणि डोळे भरून आले, ते मी तुरीच्या धुळीवर ढकललं.

मंगळवारी घरचे सगळे भल्या सकाळी सोनपेठच्या गाडीनं गेले. राजनंदिनी माझ्याबरोबर पालमच्या गाडीत बसली, म्हणजे मी पुढं आणि ती मागं बायकांत. तिनं सगळ्यांचे डबे बांधून दिले होते, एक माझ्याही हातात दिला. फाट्यावर गाडी नेहमीसारखी थांबली, ड्रायव्हर उतरला आणि टपरीवर गेला. मी मागं वळून पाहिलं नाही. तिच्या चेहऱ्यावर काय असणार ते मला ठाऊक होतं.

पेपर सुटल्यावर मी केंद्राच्या फाटकाबाहेर उभा होतो. ती बाहेर आली. आधी तिनं मला विचारलं की डबा खाल्ला का. मग मी पेपरचं विचारलं.

"सगळे सोडवले," ती म्हणाली. "तीन जागी घर्षण हुतं. दोन जागी सोडलं."

तिसऱ्या ठिकाणी काय झालं, असं मी विचारलं.

"तिथं सोडा म्हनलंच नव्हतं, भावजी."

मी तिच्या हातातला पेपर घेऊन तिथंच वाचला. खरंच म्हटलेलं नव्हतं. तो प्रश्न घर्षणाचाच होता आणि माझ्या वर्गातली निम्मी पोरं तो सवयीनं घर्षण सोडून चुकली असती. मी पेपर परत दिला आणि आम्ही स्टँडवर आलो.

निकाल लागला तो पंचमीच्या तोंडावर. ती पास झाली, आणि थोडक्यात वगैरे नाही, चांगली पास झाली. अंगणवाडीची जागाही पुढं तिला मिळाली. तिथल्या अर्जांचा आणि शिक्क्यांचा कंटाळवाणा भाग मी इथं सोडून देतो. सोडायची मुभा आता आमच्या ओट्यावर सगळ्यांना आहे.

पण पंचमीचं सोडता येत नाही. पंचमीला लेकी माहेरी येतात. पिंकी येते की नाही, यावर घरात कोणी बोलत नव्हतं आणि सगळे तोच विचार करत होते. रामप्रसाद तिला आणायला गेला, आणि ती आली. पोरगा कडेवर, डोकं तुळतुळीत. सगळ्यांशी बोलली. माझ्याशी बोलली. शेजारच्या म्हशीची चौकशी केली. राजनंदिनीशी मात्र एक शब्द नाही. चहाचा कप तिच्या हातून न घेता खाली ठेवलेला उचलून घेतला. राजनंदिनीनं पोरासाठी आणलेले कपडे त्याला घातले, तेही पिंकीनं पाहून न पाहिल्यासारखं केलं. बायनाबाई कोणाच्याच मध्ये पडली नाही. तिनं त्या दिवशी तूरही काढली नव्हती.

संध्याकाळी मी पेढा खायला गेलो तर सगळे ओट्यावरच होते. पेढ्याचा बॉक्स घेऊन राजनंदिनी पिंकीपुढं उभी राहिली आणि तशीच उभी राहिली. शेवटी पिंकीनं तोंड उघडलं.

"मला सोडलंस ना गं गणितात," ती म्हणाली.

"सोडलं न्हाई, ताई," राजनंदिनी म्हणाली. "त्या दिवसापुरतं बाजूला ठिवलं हुतं. आता धरायला आलेय."

पिंकीनं पिशवीत हात घातला आणि फडक्याची एक छोटी गाठ काढून राजनंदिनीच्या ओंजळीत ठेवली. पेढ्याचा बॉक्स तेवढ्यात बायनाबाईनं झेलला, म्हणून बरं.

"आईनं झेललं जावळ," पिंकी म्हणाली. "सासरा म्हनला, लगीच गंगेत सोडा. मी सोडू दिलं न्हाई. तुझं हाय ते. मी बी बाजूलाच ठिवलं हुतं."

दोन्ही निकालांना न रडलेली राजनंदिनी तेव्हा रडली. पिंकीही रडली. रामप्रसाद खांबाकडं तोंड करून उभा राहिला. मी पडलो मास्तर. मला वाटलं, या जागी आपण घर्षणाबद्दल एखादं चांगलं वाक्य बोलायला हवं. मी घसा साफ केला. बायनाबाईनं माझ्याकडं पाहिलं आणि पेढ्याचा बॉक्स पुढं केला.

"मास्तर, आज तुमी ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "पेढा खा."

मी पेढा खाल्ला. दुसऱ्या दिवशी नणंद-भावजय दोघी पहिल्या गाडीनं जावळ सोडायला गंगेला, म्हणजे गोदावरीला, गेल्या, आणि जाताना राजनंदिनीनं माझ्या दारापुढं थांबून चहा झाला का, असं विचारलं.